तीन इंची स्पीकर आणि बंद पेटी: माप धरायचं कशावरून?

मंद्र_सप्तक

नमस्कार मंडळी,

तीन इंची फुलरेंज (वरचे-खालचे सगळे सूर एकटाच वाजवणाऱ्या) ड्रायव्हरची एक जोडी घेतली आणि संगणकाच्या दोन बाजूंना ठेवायला दोन पेट्या केल्या. पूर्ण बंद, पोर्ट (हवा आत-बाहेर जायची नळी) वगैरे काही नाही. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातले आकडे असे: एफएस (मोकळ्या ड्रायव्हरचा रेझोनन्स, म्हणजे कोन आपसूक झुलतो ती वारंवारिता) ९० हर्ट्झ, क्यूटीएस (त्या झुलण्याला एकूण आवर किती; आकडा मोठा तितका आवर कमी) ०.५०, क्यूईएस (तसाच आकडा, पण फक्त मॅग्नेट आणि कॉइलच्या आवराचा) ०.५७, व्हीएएस २ लिटर, आरई (ड्रायव्हरच्या कॉइलचा रोध) ६.४ ओहम, कोनचं क्षेत्रफळ ३२ चौरस सेंटिमीटर, एक्समॅक्स (कोन एका दिशेला किती हलू शकतो) अडीच मिलिमीटर.

क्यूटीसी (ड्रायव्हर पेटीत बसवल्यावरचा क्यू) ०.७०७ हवा असं धरून सूत्रात आकडे घातले तर पेटी बरोबर २ लिटरची येते. म्हणून १२ मिलिमीटरच्या प्लायची १२ × १२ × १४ सेंटिमीटरची पेटी केली. पुढची फळी अरुंद असली की खालचे सूर पातळ होतात असं वाचलं होतं, म्हणून ड्रायव्हरच्या आधी एक कॉइल आणि तिला समांतर एक रोधही जोडला.

आता आवाजाबद्दल. वरचे सूर सुंदर आहेत, बायकांचे आवाज तर समोर उभं राहून गावं तसे येतात. पण पुरुष गायला लागला की हंड्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. बास गिटारचे दोन-तीन सूर एकदम अंगावर येतात आणि त्याखालचे गायबच होतात. अगदी मन लावून केलेलं काम आहे, त्यामुळे फार हळहळ वाटते.

पेटी मोठी करू, लहान करू, की ड्रायव्हरच बदलू?

नवखा७

वाचतोय. माझ्याकडेही असाच एक ड्रायव्हर खोक्यात पडून आहे, त्यामुळे उत्तराची तुमच्याइतकीच वाट बघतोय.

घुमारा

ड्रायव्हर बदलू नका, पेटीला पोर्ट द्या. ईबीपी काढून बघा: एफएसला क्यूईएसने भागायचं. ९० भागिले ०.५७ म्हणजे १५८. हा आकडा ५०च्या खाली असला तर बंद पेटी, १०० च्या वर असला तर पोर्ट, हा जुना नियम आहे. तुमचा ड्रायव्हर पोर्टसाठीच जन्माला आलाय. आणि लहान स्पीकरला बासचं कधी 'बास' होत नाही, जितका मिळेल तितका कमीच!

जुना_रेडिओ

घुमारा, जरा थांबा. धागाकर्त्याला बंद पेटीच हवी आहे, तर आधी ती नीट समजून घेऊ.

बंद पेटीतली हवा ही स्प्रिंग असते. कोन आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला बाहेर ढकलते, बाहेर आला की आत ओढते. ड्रायव्हरच्या स्वतःच्याही दोन स्प्रिंगा असतात: कडेचा सराउंड आणि आतला स्पायडर, दोन्ही मिळून निलंबन. आता व्हीएएस म्हणजे काय, तर ड्रायव्हरच्या निलंबनाइतकीच कडक स्प्रिंग ज्या हवेची होईल, ती हवा. म्हणून व्हीएएसएवढीच पेटी केली की दोन सारख्या स्प्रिंगा एकत्र येतात, एकूण कडकपणा दुप्पट होतो, आणि रेझोनन्स व क्यू दोन्ही दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे १.४१४ पट वाढतात. मंद्र_सप्तक यांचं ०.५० चं ०.७०७ कसं झालं ते यातच आहे. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

हवेलाच मुख्य स्प्रिंग करायची ही कल्पना एडगर व्हिलचर यांनी रुजवली. १९५४ साली अकूस्टिक रिसर्चचा एआर-१ आला, त्यात १२ इंची वूफर होता आणि पेटी त्या काळाच्या मानाने अगदी लहान. त्यांनी निलंबन मुद्दाम सैल ठेवलं आणि कडकपणाचं काम हवेवर सोपवलं. कापड-कागदाच्या निलंबनापेक्षा हवेची स्प्रिंग जास्त एकसारखी वागते, त्यामुळे खालच्या सुरांतली विकृती कमी झाली. पुढे नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात पोर्टच्या पेट्यांचं गणित मांडलं, आणि सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२ मध्ये बंद पेटीचं. आपण आज जे क्यूटीएस, व्हीएएस म्हणतो ते या दोघांमुळे.

ओहममापी

जुना रेडिओ काकांचा प्रतिसाद फार आवडला.

घुमारा, ईबीपीचा नियम मोठ्या वूफरना बऱ्यापैकी लागू पडतो, पण लहान ड्रायव्हरला लावला की फसवतो. तीन इंची ड्रायव्हरचा एफएस मुळातच ८०-१२० च्या घरात असतो, त्यामुळे क्यूईएस ०.८ च्या खाली असला की भागाकार १०० च्या वरच जातो. म्हणजे या नियमाप्रमाणे बरेचसे लहान ड्रायव्हर पोर्टचेच ठरतील. ०.५ किंवा त्याहून जास्त क्यूटीएसच्या ड्रायव्हरला पोर्ट दिला तर खालच्या सुरांत टेकाड, म्हणजे फुगवटा येतो. क्यूटीएसकडे बघा, ईबीपी सोडून द्या.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला कळायला फार वेळ लागला होता. मंद्र_सप्तक यांचेच आकडे घेऊन चार पेट्यांचं गणित मांडलं. अर्धा लिटर: क्यूटीसी १.१२, आवाज ३ डेसिबलने पडतो ती वारंवारिता १५१ हर्ट्झ. एक लिटर: क्यूटीसी ०.८७, १३२ हर्ट्झ. दोन लिटर: ०.७१, १२७ हर्ट्झ. चार लिटर: ०.६१, आणि इथे १३० हर्ट्झ!

म्हणजे एक लिटर ते चार लिटर, चौपट फरक, आणि ३ डेसिबलचा बिंदू जागचा हलत नाही. हलतो तो उतार. १० डेसिबलने पडायचा बिंदू चार लिटरमध्ये ६७, दोन लिटरमध्ये ७३, एक लिटरमध्ये ८५ आणि अर्ध्या लिटरमध्ये १०५ हर्ट्झ येतो. पेटी लहान केली की वर थोडा फुगवटा येतो आणि खालून सूर लवकर तुटतात. बास किती खोल जाणार हे मुख्यतः ड्रायव्हर ठरवतो. पेटी ठरवते ती त्याची चण. म्हणून पेटीच्या मापात शंभर-दोनशे मिलिलिटर इकडे-तिकडे झाले म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये.

पण म्हणूनच मला तुमची तक्रार कोड्यात टाकते. खरोखर दोन लिटरची पेटी असेल तर हंड्यासारखा आवाज यायला नको. दुसरंच काहीतरी आहे.

घुमारा

ओहममापीताई, ईबीपीबद्दल पटलं, हा विचार कधी केलाच नव्हता. तरी दोन लिटरच्या पेटीला ७५ हर्ट्झवर जुळवलेला (ट्यून केलेला) पोर्ट द्यायला काय हरकत आहे? थोडं टेकाड आलं तरी चालेल की.

सुतारकाम

घुमारा, नळीचं गणित करून बघा. अडीच सेंटिमीटर व्यासाची नळी धरली तरी लांबी ११ सेंटिमीटरच्या आसपास येते. एवढ्याशा पेटीत ती मागच्या भिंतीला जवळजवळ टेकेल. नळी बारीक केली तर लांबी कमी होते, पण मग ती फुसफुसायला लागते. लहान पेटीत पोर्ट बसवणं हे सुताराच्या दृष्टीनेही कटकटीचं काम आहे.

निषाद

०.७०७ हाच काय तो खरा क्यू, असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते मला मान्य नाही. ०.५ ला कोन एकदा हलून सरळ जागेवर येतो, झोके घेत नाही. मी पाच लिटरच्या पेटीत चार इंची ड्रायव्हर ०.५५ ला लावून ऐकतो आणि त्याचा पियानो ऐकल्यावर मागे जाववत नाही. आवाज पातळ वाटतो खरा, पण खोलीच्या भिंती खालून हात देतात.

शांत_कोपरा

@निषाद, ऐकण्याची जागा आणि आवाजाची पातळी बघून ठरवायला हवं. मी रात्री अगदी हळू ऐकतो. हळू आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, तिथे १.० चा क्यू मला सुखाचा वाटतो. फुगवटा असून असून किती, सव्वा डेसिबल.

आणि एक गोष्ट या धाग्यात अजून कुणी बोललं नाही: कोन किती हवा ढकलू शकतो. ३२ चौरस सेंटिमीटर आणि अडीच मिलिमीटर म्हणजे एका दिशेला ८ घन सेंटिमीटर हवा, दोन चमचेही नाही. एवढ्या हवेत ८० हर्ट्झला, मागे मोठी भिंत धरूनसुद्धा, एक मीटरवर साधारण ८३ डेसिबल मिळतात. १६० हर्ट्झला १२ डेसिबल जास्त, म्हणजे ९५. आणि ४० हर्ट्झला ७१. एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं. पेटी कुठलीही करा, इक्वलायझर कितीही लावा, ही मर्यादा ओलांडता येत नाही. लहान ड्रायव्हरकडून काय मागायचं नाही हे आधी ठरवलं की बाकीचं सोपं होतं.

नवखा७

@शांत_कोपरा, म्हणजे बंद पेटीत कोन फाटायची भीती असते का?

शांत_कोपरा

उलट बंद पेटीत जरा निर्धास्त राहता येतं. पेटीच्या रेझोनन्सच्या खाली हवा कोनला धरून ठेवते, हालचाल एका मर्यादेनंतर वाढत नाही. पोर्टमध्ये मात्र ट्यूनिंगच्या खाली कोन मोकाट सुटतो.

सुतारकाम

मंद्र_सप्तक, एक साधा प्रश्न. १२ × १२ × १४ हे माप बाहेरचं की आतलं?

मंद्र_सप्तक

बाहेरचं... अरे देवा.

सुतारकाम

वाईट वाटून घेऊ नका, ही सर्रास होणारी चूक आहे. १२ मिलिमीटरची प्लाय दोन्ही बाजूंनी जाते, म्हणजे प्रत्येक मापातून २४ मिलिमीटर वजा. आत उरलं ९.६ × ९.६ × ११.६, म्हणजे १.०७ लिटर. त्यातून ड्रायव्हरचं मॅग्नेट आणि बास्केट वजा करा, तीन इंचीला साधारण १२० मिलिलिटर धरतो. उरले ९५० मिलिलिटर. तुमच्या मनात होती त्याच्या निम्मी पेटी झाली.

मोठ्या पेटीत प्लायची जाडी खिजगणतीत नसते. लहान पेटीत तीच अर्धी जागा खाते. म्हणून मी कागदावर आधी आतली पोकळी काढतो आणि मग तिच्याभोवती लाकूड चढवतो, उलटं कधीच नाही.

ओहममापी

सुतारकाम यांनी नेमकं पकडलं. तरी ०.९५ लिटरला माहितीपत्रकाच्या आकड्यांनी क्यूटीसी ०.८८ येतो. फुगवटा अर्ध्या-पाऊण डेसिबलचा, त्याने हंडा होत नाही. तीन गोष्टी विचारते:

ती कॉइल किती जाड तारेची आहे? तिचा स्वतःचा रोध मोजलात का? पेट्या भिंतीला टेकून आहेत का? आणि ड्रायव्हर मोजलाय, की माहितीपत्रकावर विश्वास ठेवलाय?

मोजणं अवघड नाही. साउंडकार्डच्या हेडफोनच्या वाटेला १०० ओहमचा रोध मालिकेत जोडायचा, आरईडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये इम्पिडन्सचा (वारंवारितेनुसार बदलणाऱ्या रोधाचा) आलेख काढायचा. आधी ड्रायव्हर मोकळा, मग त्याच्या कोनवर मऊ मातीची एक तोललेली गोळी चिकटवून, मग पेटीत. गोळी दीड-दोन ग्रॅमचीच हवी, त्यामुळे काटा दशांश ग्रॅम दाखवणारा घ्या. आणि कोनवर नाणं ठेवू नका, लोखंडी असेल तर मॅग्नेट त्याला ओढून कोनच खराब करेल.

निषाद

थोडं अवांतर: पेटीची लांबी-रुंदी-उंची सुवर्ण गुणोत्तरात हवी का? १२ × १२ म्हणजे दोन बाजू सारख्या आल्या.

जुना_रेडिओ

एवढ्या लहान पेटीत त्याने फारसं बिघडत नाही. आतली सर्वांत लांब बाजू ११.६ सेंटिमीटर, म्हणजे पहिली उभी लहर १५०० हर्ट्झच्या जवळ येते. तिथे पाठीमागे लोकर किंवा फोमचा एक जाड थर लावला की ती शोषली जाते. माणसाच्या आवाजातला हंडा त्याच्या पुष्कळ खाली असतो, त्याचा बाजूंच्या प्रमाणाशी संबंध नाही.

मंद्र_सप्तक

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी मोजण्यात घालवल्या, आणि इतकं काही शिकलो की तक्रार बाजूलाच राहिली.

ड्रायव्हर मोकळा मोजला: एफएस ९० नाही, ११२ हर्ट्झ. क्यूटीएस ०.६२. दीड ग्रॅमची गोळी लावल्यावर रेझोनन्स ८७ वर आला, त्यावरून हलणारं वजन सव्वादोन ग्रॅम आणि व्हीएएस १.२९ लिटर. म्हणजे निलंबन पत्रकात लिहिलंय त्यापेक्षा बरंच कडक.

पेटीत: डावी १७२ हर्ट्झ, क्यूटीसी ०.९५. उजवी मात्र १५८ वर आणि आलेखाचं शिखर बुटकं, पसरट.

कॉइलचा रोध ०.८ ओहम. आणि हो, पेट्या टेबलावर आहेत, पाठ भिंतीला जवळजवळ टेकलेली.

ओहममापी

सुटलं कोडं! आता एकेक बघा.

निलंबन कडक निघालं म्हणून घाबरू नका. तुमच्या ड्रायव्हरचं एफएस आणि क्यूटीएसचं गुणोत्तर काढा: ११२ भागिले ०.६२ आणि ९० भागिले ०.५०, दोन्ही १८० च्या जवळपास. म्हणजे मॅग्नेट, कॉइल, वजन सगळं पत्रकाप्रमाणेच आहे, फक्त स्प्रिंग कडक आहे. आणि लहान पेटीत हवेची स्प्रिंग त्याहून कडक असल्याने त्याचा परिणाम बराचसा बुजतो. पत्रकाच्या आकड्यांनी १५९ हर्ट्झ आणि ०.८८ येत होतं, प्रत्यक्षात १७२ आणि ०.९५ आलं. फरक आहे, पण पेटीबाहेर दिसतो तेवढा नाही. थोडे दिवस वाजून निलंबन जरा सैलही होईल.

खरी गंमत कॉइलची. तिचे ०.८ ओहम ड्रायव्हरच्या ६.४ मध्ये मिळतात आणि अँपची कोनवरची पकड ढिली होते. क्यूईएस ०.७१ वरून ०.८० वर जातो आणि पेटीतला एकूण क्यू १.०६ च्या आसपास. म्हणजे २३० हर्ट्झला दीड डेसिबलहून जास्त फुगवटा.

आणि मुख्य म्हणजे ती जोडणी तुम्हाला नकोच होती. १२ सेंटिमीटरच्या फळीवर साधारण साडेनऊशे हर्ट्झच्या खाली आवाज पेटीला वळसा घालून मागे जातो, म्हणून समोर पातळ होतो. ती तूट भरायला कॉइल वरचे सूर दाबते. पण तुमच्या पेटीमागे भिंत आहे आणि खाली टेबल आहे, मागे गेलेला आवाज तिथूनच परत येतोय. तूट भिंतीने भरून काढली, वर कॉइलनेही भरली, त्यावर पेटीचा फुगवटा. तिघांनी एकाच जागी भर घातली म्हणून हंडा.

सुतारकाम

उजव्या पेटीला गळती आहे. ३० हर्ट्झचा सूर मोठ्याने लावा, रबराची बारीक नळी एका कानाला लावा आणि दुसरं टोक सांध्यांवरून हळूहळू फिरवा. गळतीपाशी फुस्‌फुस्‌ स्वच्छ ऐकू येते. पहिल्यांदा टर्मिनल कप (तारा जोडायची वाटी) बघा, दहातल्या आठ वेळा तिथेच असते. नंतर ड्रायव्हरच्या कडेचं गॅस्केट. सिलिकॉन भरलंत तर ते पुरतं वाळेपर्यंत ड्रायव्हर बसवू नका, आंबूस वासाच्या प्रकाराची वाफ तांब्याला खाते.

घुमारा

पोर्टची बाजू घेऊन आलो होतो, पण या आलेखांनी मलाच माझ्या जुन्या पेट्या मोजायची इच्छा झाली. वाचनखूण साठवली.

मंद्र_सप्तक

टर्मिनल कपच निघाला! नळी तिथे नेली तर सापाने फुत्कार सोडावा तसा आवाज. रबरी पट्टी कापून बसवली, स्क्रू आवळले. उजवीही आता १७१ वर आली.

कॉइल आणि रोध काढून टाकले, आत लोकर भरली (ठासून नाही, बोटांनी पिंजून). रेझोनन्स १६४ वर उतरला आणि क्यूटीसी ०.८८.

काल रात्री तेच गाणं लावलं. गायक हंड्यातून बाहेर आला. बास गिटारचा प्रत्येक सूर वेगळा कळतो, खालचे दोन क्षीण आहेत पण आहेत.

आता विचारतो: माझ्या मोजलेल्या आकड्यांनी ०.७०७ साठी पेटी ४.३ लिटरची येते. नवीन करू का?

ओहममापी

४.३ लिटर नको. आत खरोखर २ लिटर असलेली पेटी केलीत तरी क्यूटीसी ०.८० येतो, फुगवटा ०.२ डेसिबल, आणि ३ डेसिबलचा बिंदू १२९ हर्ट्झ. ४.३ लिटरला तो १२८. त्या एका हर्ट्झसाठी टेबलावरची जागा दुप्पट का द्यायची? खालच्या उतारात थोडा फरक पडेल, पण भिंतीजवळ तो कानाला कळणं कठीण.

सुतारकाम

२ लिटर करायची तर आतून १२.६ × १२.६ × १३.४ धरा, ड्रायव्हरची जागा वजा जाता २ लिटर उरतील. बाहेरून १५ × १५ × १५.८. ड्रायव्हरच्या भोकाची आतली कड पटाशीने तिरकी करून घ्या. १२ मिलिमीटरच्या जाडीत तीन इंची ड्रायव्हरच्या मागच्या खिडक्या अर्ध्या झाकल्या जातात, कोनच्या पाठीला श्वास घ्यायला वाट हवी.

मंद्र_सप्तक

ही कड तर मी अजिबात कापलेली नाही! नवीन पेट्या पुढे कधीतरी करेन, आत्ताच्या आवाजावर मी खूश आहे. पण आज रात्री दोन्ही ड्रायव्हर उतरवतो, कड तासतो आणि उद्या पुन्हा मोजून आकडे इथे देतो.

नवखा७

मी काटा मागवला आहे. माती आहेच. माझ्या ड्रायव्हरचं माहितीपत्रक तसंही हरवलंय.